बर्लिनचा म्हातारा

"बाबा, तो नाही! दुसरा, दुसरा कागद!" असं आचल ओरडेपर्यंत यादोरावांनी कागद पुरता उलगडून वर धरला होता.

माणसाएवढा कागद. मागून त्यांना तो कोराच दिसत होता. दिसत होती ती समाजमंदिरात सत्काराला जमलेली माणसं. सगळं गाव आधी हसरं होतं, मग बायकांचे पदर एकाएकी तोंडाशी गेले. सरपंच नूतनताई हातातला नारळ असा निरखू लागल्या, जसा काही जन्मात पहिल्यांदाच पाहत होत्या. यादोरावांना वाटलं, पोरीची कला गावाला भारी पडली. त्यांनी हात आणखी उंच केले.

"यादो, खाली कर ते!" पहिल्या रांगेतून त्यांचे थोरले भाऊ केवळराम गरजले. "मानूस नंगा हाय त्याच्यावर!"

यादोरावांनी कागद फिरवून पाहिला. स्टुलावर एक म्हातारा बसला होता. हात गुडघ्यांवर, मान जराशी खाली आणि अंगावर चिंधी नाही.

पाच महिने यादोराव जो भेटेल त्याला सांगत होते, माझी आचल बर्लिनला चित्रकला शिकून राहिली. नागपूरच्या कॉलेजातून तिची एकटीची निवड झाली. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पिताना त्यांनी अनोळखी ट्रकवाल्यांनासुद्धा थांबवून हे सांगितलं होतं. केवळरामांचं मात्र एकच पालुपद. "चित्र काढाले इतक्या लांब कायले जाव लागते? पोट्टीचं लगन करून टाक." आचलचं शेवटचं वर्ष बाकी होतं आणि घरात शब्द चालायचा तो केवळरामांचा. त्यांचं मन वळावं म्हणूनच तर ती परतल्यावर हा तिच्या सत्काराचा घाट. आचलनं दाखवण्यासाठी चर्चचं आणि पुलाचं, अशी दोन चित्रं वेगळी काढूनही ठेवली होती. पण यादोरावांना सगळ्यात मोठं हवं होतं.

केवळराम उठून उभे राहिले. "हे शिकाले गेलती? बंद करा आता सारं. नागपूरबी बंद!"

"मोठे बाबा, माणूस काढायचा तर आधी त्याचं अंग समजावं लागते," आचल रडवेली होऊन म्हणाली. "सगळीकडे असंच शिकवतात."

कोणी ऐकेना. यादोरावांना पोरीची बाजू घ्यायची होती, पण थोरल्या भावाला ते आजवर कधी उलट बोलले नव्हते. चित्रातल्या म्हाताऱ्यासारखीच त्यांचीही मान खाली गेली.

तेवढ्यात बायकांतून आचलची आई, जमुनाबाई उठल्या. आता ही कागद फाडते, असं सगळ्यांना वाटलं. जमुनाबाईंनी चित्राला नाक लावलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आचल, याले थंडी नोहती वाजत?"

"हीटर होता न आई."

"एका हीटरनं काय होते? बाहेर बर्फ म्हनत होती न तू? फासळ्या पाहा बिचाऱ्याच्या."

"गुडघाबी सुजला हाय, बाई," मागून शेजारच्या सुशिलाबाई म्हणाल्या. त्या नीट बघायला पुढे आल्या. त्यांच्यामागून चार जणी आल्या. तोंडावरचे पदर कधी सुटले, कोणाला कळलं नाही. "घरी कोनी नाही का त्याच्या?"

आचल सांगू लागली. नाव डीटर. आधी ट्राम चालवायचे. बायको वारली, मुलगा दूर देशात. पंचवीस वर्षं झाली, चित्र शिकणाऱ्या पोरांपुढे असे बसतात.

"बायकोच नाही, तं सांगन कोन, कपडे घाल म्हून," सुशिलाबाई हळहळल्या.

"लाव त्याले फोन," जमुनाबाई म्हणाल्या.

यादोराव मधे पडले. "आत्ता? अवं, तो कसा बसला असन, काय माहीत!"

पण आचलनं फोन लावला होता. तोही व्हिडिओवाला. घंटी वाजू लागली. नूतनताईंनी परत नारळ हाती घेतला. केवळरामांनी डोळे मिटले, पण एकच.

पडद्यावर म्हातारा आला. डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात मफलर, स्वेटरवर जाड कोट. उघडं होतं ते फक्त नाक. अख्ख्या समाजमंदिरानं श्वास सोडला. डीटर आचलला पाहून हसले. मग तिच्यामागे त्यांना आपलं चित्र दिसलं, आणि चित्राभोवती जमलेल्या लुगड्यातल्या बायका. म्हातारा कानापर्यंत लाल झाला. पंचवीस वर्षं परक्या पोरांपुढे उघडा बसलेला माणूस, त्यानं टोपी ओढून तोंडावर घेतली.

"विचार त्याले," जमुनाबाई म्हणाल्या.

आचलनं विचारलं. टोपीआडून उत्तर आलं. आचलनं ते मराठीत सांगितलं. "म्हणतात, थंडी वाजते. पण आजवर कोणी विचारलं नव्हतं."

केवळराम खाली बसले. उगाच खाकरले. "फासळ्या मातर एकूनएक काढल्या पोट्टीनं," ते पुटपुटले. "पुढच्या वर्षी कपड्यातला मानूसबी शिकून घेजो म्हना."

यादोरावांची मान वर आली. त्यांनी लेकीच्या हातून फोन घेतला आणि बर्लिन जणू तलावापल्याड असावं, तसे ओरडले, "मे महिन्यात इकडं या, भाऊ! आमच्याइथं मी आन् दादा, दोघंबी उघडेच बसतो!"