मधला रस्ता

बाबांनी बॅग आपल्या टॅक्सीच्या डिकीत टाकली, तरी आई पुढच्या सीटवरून हलली नाही. लेक मुकाट्याने मागे बसली, भाडं ठरवून बसलेल्या परक्या बाईसारखी.

ती जुन्या विमानतळावर उतरली होती. पुढचं विमान नव्या विमानतळावरून, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधे तासाभराचा रस्ता. तेवढाच वेळ हाताशी होता, आणि तेवढ्यासाठी तिने या खेपेला घरी कळवलं होतं. मागच्या खेपेला कळवलं नव्हतं. टॅक्सी करून परस्पर इकडून तिकडे गेली. टॅक्सीवाला नेमका बाबांच्याच स्टँडवरचा निघाला. तुमच्या लेकीला सोडून आलो, असं त्याने कौतुकाने घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून आईचा अबोला.

"बरी आहेस ना, आई?"

आई समोरच्या काचेतून बघत नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या लेकीला सांगा, पायाशी पाण्याची बाटली आहे. तहान लागली असेल."

"अगं, हातभरावर बसलीय ती. मी काय पोस्टमन आहे?"

"मग नका पोचवू टपाल."

बाबा हसले. लेकीने बाटली उचलली, पण झाकण काही उघडलं नाही.

"तेव्हा खरंच वेळ नव्हता गं. एका विमानतळावरून दुसऱ्यावर पोचेपर्यंतच…"

"अहो, विचारा तिला, मधे काय समुद्र होता?"

रस्ता सरत होता. घराची गल्ली आली. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, वरच्या गॅलरीत वाळत घातलेली निळी चादर. बाबांनी गाडी उगाच हळू केली, मग पुन्हा वेग धरला. चादर दिसेनाशी होईतो लेक मान वळवून बघत राहिली. बाबांनी आरशात एकदा पाहिलं आणि आरसा थोडा वर केला.

"त्या दिवशी मी इथे मान खाली घालून बसले होते," लेक म्हणाली. "गल्ली दिसली असती तर उतरले असते. आणि उतरले असते, तर परत गेले नसते."

आईने मांडीवरची पर्स एकदा उघडली, आत काही न शोधताच मिटली.

समोर उड्डाणपूल आला. पुलावर चढलं की नवा विमानतळ हाकेच्या अंतरावर. बाबांनी इंडिकेटर दिला.

"पुलावरून नको," आई म्हणाली. "खालून घ्या."

"खाली सिग्नलच सिग्नल आहेत."

"असू देत."

"अगं, तिचं विमान…"

"विमान कुठे पळून जातंय? आपण वेळेत आहोत."

बाबांनी गाडी खाली घातली. पहिलाच सिग्नल लाल लागला. आईने पट्टा सोडला, दार उघडलं आणि भर रस्त्यात खाली उतरली.

"अगं, काय करतेस!" बाबा ओरडले.

तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या कोकलू लागल्या. आई गाडीला वळसा घालून सावकाश आली, तिने मागचं दार उघडलं आणि लेकीला म्हणाली,

"सरक तिकडे."