मुंग्यांची वाट

खुशालने पहिला घास उचलला आणि तो तसाच थांबला. समोर त्याचे मेहुणे, वामनराव, ताटाला लागलेल्या मुंग्या एकेक करून पळसाच्या पानावर चढवत होते. अगदी हलक्या हाताने. पान घेऊन ते अंगणात गेले, जास्वंदीखाली ठेवलं, हात धुतले आणि परत पाटावर येऊन बसले.

"तोही जीवच हाय," ते म्हणाले.

खुशालने मान डोलावली. करणार काय! माणूसच तसा होता. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, कांदा-लसूण घरात नाही, आणि आवाज कधी चढलेला सिंदेवाहीत कुणी ऐकला नव्हता. आणि खुशाल? बल्लारपूरच्या कोळसा खाणीतला गडी. डोळे लाल, नखांत काळं, तोंडाला कालचा वास. बहिणीचा निरोप आला तसा तिला घेऊन जायला, भांडायच्या तयारीनेच आला होता. आता मात्र मुकाट्याने वरण-भात खात होता.

"कांता जरा धांदरट हाय," वामनराव म्हणाले. "चुलीपाशी भाजून घेते. लक्ष ठेवा लागते."

कांता दाराआड उभी होती. तिची थैली कणगीमागे भरून तयार होती.

वामनराव आचवायला विहिरीवर गेले तशी ती पुढे आली. पदर सारून तिने दंड दाखवला. चिमट्याचे दोन डाग, शेजारी शेजारी.

"दादा, मले घेऊन चाल. आत्ताच."

खुशालने डागांकडे पाहिलं. मग विहिरीकडे पाहिलं.

"बाई, मी कोंबडी खातो, पगार झाला का दारू पितो. तरी तुह्या वहिनीवर कधी हात नाई टाकला. हा माणूस तं मुंगी मारत नाई. अन् तो तुले डागन?"

"मुंगीच्या हातून भाजीत मीठ जास्त पडत नाई, दादा."

खुशालला ते झोंबलं. "काहीबाही नोको बोलू. असा नवरा आपल्या गावात दिवा घेऊन पाह्यला तं सापडन नाई."

तो निघाला. अंगणात वाकून वामनरावांच्या पाया पडला. वामनरावांनी त्याला उठवलं, तांदळाची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि त्याला एस.टी.पर्यंत सोडायला गेले. दोघं बोलत बोलत वळणापलीकडे दिसेनासे झाले. कांता दाराला धरून उभी राहिली. आता बोलावणार कुणाला? एक भाऊ होता, तो येऊन गेला.

तिने थैली ओढून काढली. एक लुगडं दोरीवर टाकलं, दुसरं टाकत होती, तेवढ्यात वामनराव परत आले. त्यांनी दोरीकडे पाहिलं, अर्ध्या थैलीकडे पाहिलं.

उंबरठ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि पाय उंच उचलून, रांग जपून ओलांडली.

"कांता, पाय पाहून टाकजो वं," ते हळू आवाजात म्हणाले. "मुंग्या हायेत."

मग त्यांनी आतून कडी लावली.