बिल्ल्यांची जर्सी

मासेमारीच्या स्पर्धांत रॉइसला प्रायोजक म्हणून एकही कंपनी विचारत नाही, म्हणून यानं कंपन्यांचे कापडी बिल्ले स्वतःच विकत आणले आणि बायकोकडून, म्हणजे माझ्याकडून, जर्सीवर शिवून घेतले. आज मुलींना हवेच्या ट्यूबवर बसवून बोटीमागे ओढतानाही नवरोबा तीच घालून ऐटीत! "हळू वळव!" मी ओरडले. धक्क्यावर बघे होते ना, यानं बोट गर्रकन वळवली. दोघी पाण्यात उडाल्या. बहिणीच्या डोक्यावर आपटून टॅन्सीची हनुवटी फुटली. मी त्यांना बोटीत ओढू लागले, तर हा किंचाळला, "माझ्या बोटीतल्या कार्पेटवर रक्त नको! ट्यूबवरच बसव, काठापर्यंत ओढतो." "जर्सी काढ." "कशाला?" "काढ म्हणते ना!" मी दोघींना वर घेतलं, जर्सी बिल्ल्यांसकट टॅन्सीच्या हनुवटीवर दाबली आणि स्टिअरिंग धरलं. "आता तू बस ट्यूबवर. काठापर्यंत मी ओढते." जर्सीआडून टॅन्सी पुटपुटली, "आई, वळताना हळू नको हं."