संकष्टीची जास्वंद

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत अख्ख्या कॉलनीत फक्त सोहोनीकाकांची जास्वंद फुलत होती, आणि रोज कुणीतरी फुलं ओरबाडून नेत होतं. आज संकष्टी, चोर येणारच, म्हणून काका पहाटेच माकडटोपी चढवून कुंड्यांमागे दबा धरून बसले.

फाटक करकरलं. पिशवी घेऊन एक बाई आत आल्या. काका ताडकन उठले, तोच बाई कुजबुजल्या, "तुम्हीपण फुलांसाठीच ना? हळू! इथला म्हातारा भारी खवट आहे. जरा फांदी वाकवा, माझा हात पुरत नाही."

काकांनी माकडटोपी आणखी खाली ओढली. त्यांनी फांदी वाकवली.

बाईंनी सातातली तीन फुलं इमानदारीत त्यांच्या ओंजळीत घातली. "उद्या समोर वैद्यांकडे. शेवंती बहरलीय."

दुसऱ्या पहाटे काका वैद्यांच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभे होते, बाईंना उशीर झाला म्हणून चरफडत.