नेमणुकांचं वाचन

बिशप नेमणुका वाचत होते. वार्षिक परिषदेचा शेवटचा दिवस. नाव पुकारलं की पाळकाने उभं राहायचं आणि पुढच्या वर्षी कुठल्या गावच्या चर्चच्या मंडळीत जायचं ते सगळ्यांदेखत ऐकायचं, अशी रीत. हर्मिनिया तबांगकुरा, आपल्या गावच्या मंडळीची पास्टोरा, निवांत बसली होती. तिचं गाव तिच्याकडेच राहणार, असा विभागाच्या अधीक्षकांनी शब्द दिला होता.

शिवाय पहिल्याच दिवशी तिने मांडलेला ठराव एकमताने मंजूर झाला होता. गावच्या नदीतून मेयरचे ट्रक खडी उपसतात, ते थांबलं पाहिजे. वर्षभर ती गावच्या बायकांना घेऊन त्या ट्रकांसमोर उभी राहिली होती. शेजारी फलक धरून सिरियाको, ज्याला सगळे मानाने मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत; तिच्या मंडळीने परिषदेला धाडलेला प्रतिनिधी. ठरावाला अनुमोदनही त्यानेच दिलं. टाळ्या पडल्या तेव्हा तिच्या कानाशी पुटपुटला, "बघितलंत पास्टोरा? आता मेयरचा बाप आला तरी हलत नाही आपण."

"हर्मिनिया तबांगकुरा," बिशपांनी वाचलं, "बेटावरची मंडळी."

सवयीने ती उभी राहिली. बेटावर माणसं थोडी, आणि समुद्र खवळला की होडीही जात नाही. तिने शेजारी पाहिलं. सिरियाको गीतपुस्तकाची पानं उलटत होता. गीत कुणी सांगितलंच नव्हतं.

जेवणाच्या वेळी व्हरांड्यात तिने अधीक्षकांना गाठलं. हातात ताट, ताटात भात, भाजलेला मासा आणि शेवग्याच्या पाल्याचं कालवण.

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता, बाई. पण नेमणूक बिशप करतात. आम्ही फक्त कानावर आलेलं त्यांच्यापुढे ठेवतो. मंडळीनेच बदल मागितला तर आम्ही काय करणार?"

"मंडळीने? मंडळीत कुणी?"

अधीक्षकांनी माशाचा काटा सावकाश बाजूला काढला. "तुमचा प्रतिनिधीच आला होता भेटायला, ईस्टरच्या सुमारास. वाईट एक अक्षर बोलला नाही हो. पास्टोरा थकल्यात म्हणाला, अंगावर फार घेतात, कुठेतरी शांत जागी त्यांना आराम मिळू दे. डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्याच्या."

"आणि माझा ठराव?"

"ठराव राहील की! ठरावाची कुठे बदली होते?" ते हसले आणि कालवण वाढणाऱ्या बाईकडे वळले.

हर्मिनिया ताट घेऊन तशीच उभी राहिली. परिषदेला येताना वाटेत खडीचा एक ट्रक समोरून गेला होता. ड्रायव्हरने ओळखीचा हॉर्न वाजवला होता. सिरियाकोचा हात वर गेला, आणि मग त्याने उगाच कान खाजवला. तेव्हा तिला त्याचं हसू आलं होतं. त्याचा मुलगा ईस्टरपासून शेतावर दिसत नव्हता. विचारलं तर म्हणाला होता, "शहरात काम लागलंय, गाडीवर."

दुपारी गावाकडे जाणारी प्रवासी गाडी, जीपनी, फाटकाशी उभी होती. सामान आवरायला तिला परत जाणं भागच होतं. सिरियाकोने खिडकीजवळच्या जागेवर आपली टोपी ठेवली होती. तिला पाहताच ती उचलली.

"इथे बसा पास्टोरा. वारा लागेल."

ती बसली. बायका, टोपल्या, एक कोंबडा, सगळं आत कोंबलं गेलं. बातमी सगळ्यांना कळली होती.

"पास्टोरा, प्रार्थना करा ना," ड्रायव्हर मागे वळून म्हणाला. "निघायचंय."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. हर्मिनियाने नाही घातली.

"आज मानोंग करतील," ती म्हणाली.

सिरियाकोने घसा खाकरला. "हे प्रभू," तो म्हणाला, "आमच्या पास्टोरांना..."

मिटलेल्या डोळ्यांनी सगळे थांबले. इंजिन धडधडत होतं. त्याचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

प्रार्थना झाली असेल असं समजून ड्रायव्हरने गिअर टाकला.