मंगळवारचं वाचन

प्रेमलाबाईंना सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न शेवटी उरला.

बाकी सगळं ठरलं होतं. जूनमध्ये कॉलेजं सुरू होणार, दृष्टी नसलेली नवी मुलं येणार, त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला माणसं हवीत. समितीकडे वाचक मोजकेच. बुधवार पेठेत पुस्तकाच्या दुकानावर समितीची खोली होती. तिथे बसून पूर्वाने पुढच्या सहा महिन्यांत कुणाकडे कोण जाणार ते लावून टाकलं. गाडी अडली ती सुखदेव ओव्हाळांपाशी.

सुखदेवराव निवृत्त सरकारी अधिकारी, मंगळवार पेठेत एकटे राहणारे. डोळ्यांत फूल पडून दिसेनासं झालं, तेव्हापासून दर मंगळवारी प्रेमलाबाई त्यांना वाचून दाखवत. मागच्या दिवाळीत शस्त्रक्रिया झाली, पण फारसा उपयोग झाला नाही, असं त्यांनीच फोनवर कळवलं. तेव्हा वाचन पुढे चालू राहिलं.

मागच्या मंगळवारी समितीतला केयूर तिथे पुस्तक द्यायला गेला आणि दारातच थांबून ऐकत राहिला. बाई वाचत होत्या ती कादंबरी त्याने वाचलेली होती. तिच्यातली नायिका निम्म्यातच विहिरीत जीव देते. बाईंच्या वाचनात मात्र ती मंडईत वांगी विकत होती आणि मुलीचं लग्न ठरवत होती.

समितीचा नियम एकच. छापलंय तेवढंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. ऐकणाऱ्याला पडताळून बघता येत नाही, म्हणून तर हा नियम.

"बाईंना म्हणावं, पुढच्या वेळी लेखिका म्हणूनच बोलावू," सचिव सलिल म्हणाला. कोणी हसलं नाही. बाईंच्या जागी केयूरने जायचं ठरलं, आणि बाईंना सांगायचं काम पूर्वाच्या गळ्यात पडलं. बाईंनीच तिला शाळेत मराठी शिकवलं होतं.

कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत बाई एकट्याच होत्या. पूर्वाने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदाचं सांगून टाकलं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी कादंबरी शोधली, म्हणजे टेबलावरून हात फिरवत फिरवत शोधली, आणि पूर्वाच्या बाजूला धरली. तेव्हा पूर्वाच्या लक्षात आलं.

"वर्ष होत आलं गं," बाई म्हणाल्या. "आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. मंगळवार आहे म्हणून बाकीचे वार जातात माझे."

रस्ता कसा ओलांडता, असं पूर्वाने विचारलं. त्याचं काही विशेष नाही, असं बाईंचं म्हणणं. चौकापर्यंत सवयीने जाता येतं. पुढे सुखदेवराव गॅलरीतून हाक मारतात, आता या, आता थांबा. छत्रीच्या टकटकीवरून त्यांना सगळं कळतं म्हणे. आंधळ्यांचे कान तिखट असतात, माझे मेले अजून झाले नाहीत, असं म्हणून त्या हसल्या.

पूर्वाला हसता आलं नाही. आपण हे काम घ्यायलाच नको होतं, असं तिला मनापासून वाटलं. पण ठरलं ते ठरलं होतं. निघताना बाईंनी एवढंच विचारलं, की सुखदेवरावांना हे कळेल का.

"नाही कळणार, बाई. तब्येत बरी नाही असं सांगते."

"केयूरला म्हणावं, सावकाश वाच. त्यांना घाई आवडत नाही."

तिथून पूर्वा चालतच मंगळवार पेठेत गेली. सुखदेवरावांनी दार उघडलं. नेहमीचा काळा चष्मा, इस्त्रीचा सदरा. खोलीत ट्यूब लावलेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असावी. बुद्धाच्या मूर्तीपुढची फुलं ताजी होती.

बाईंची तब्येत बरी नाही, आता केयूर येईल, असं तिने सांगितलं. सुखदेवराव ऐकेनात. बऱ्या होईपर्यंत थांबतो म्हणाले. केयूर चांगला मुलगा असेल, त्याला कॉलेजच्या मुलांकडे पाठवा म्हणाले. पूर्वा समजावत राहिली आणि शेवटी तिच्याच्याने खोटं रेटवेना. निदान या माणसाला तरी खरं कळायला हवं, असं वाटून तिने सगळं सांगून टाकलं. बाईंना दिसत नाही. त्या पुस्तक नुसतं हातात धरतात. मंडईतली नायिका, मुलीचं लग्न, सगळं मनाचं. त्यांनी तुम्हाला फसवलं असं समजू नका, एवढंही ती म्हणाली.

सुखदेवराव खुर्चीत बसले.

"बाईंना सांगून आलीस, वाचन बंद म्हणून?"

"हो, काका. पुस्तकही दिलं त्यांनी."

"आधी माझ्याकडे यायला हवं होतंस, पूर्वा."

त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला आणि घडी करून खिशात ठेवला.

"दिवाळीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी त्यांनी पुस्तक उलटं धरलं होतं. मुखपृष्ठावरच्या बाईचं डोकं खाली, पाय वर. ते सरळ करायला मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला."