पाचवा जन्म

तिने नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. “ऐका नीट. तुमच्यासाठीच चाललंय.”

समोर चर्चच्या वेदीपाशी पाळक पवित्र शास्त्र वाचत होते. पेरणाऱ्याची गोष्ट. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत. ही गोष्ट तिने इतक्यांदा ऐकली होती, की पाळकांचा एखादा शब्द राहिला असता तर तिने तो झोपेत सांगितला असता. आणि झोप तर डोळ्यांवर होतीच. आठवडाभर इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसून खांदे भरून आले होते. रविवारची उपासना म्हणजे तिच्या लेखी तासभर पाठ टेकायला मिळालेलं बाक. कानावर पडलेलं वचन ती शेजारी सरकवून द्यायची. हे ह्यांच्या दारूसाठी, ते ह्यांच्या रागासाठी. एखादं स्वतःसाठी ठेवून घ्यावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

नवरा वेल्डर. दारू सोडून देवाकडे वळलं की चर्चमध्ये त्याला नवा जन्म म्हणत; त्याचा तो याआधी चार वेळा झाला होता. पहिला लग्नाच्या वर्षी, एका मोठ्या सभेत. तो एकोणीस दिवस टिकला. दुसरा, शिडीवरून पडून पाय मोडला तेव्हा. तिसरा मुलीच्या जन्माला. चौथ्या वेळी तर तो चर्चमध्ये पालथा पडून असा रडला, की बाकीच्यांनाही रडू आवरेना. महिन्याच्या आत गटाराच्या कडेला सापडला. “लोकांचे वाढदिवस होतात,” ती धुलाईघरातल्या बायकांना सांगायची, “आमच्या ह्यांचे जन्मच होतात.” बायका हसायच्या. तीही हसायची. त्यानंतर मशीन पुन्हा सुरू करायची.

पाचव्या वेळी ना सभा झाली, ना रडारड. एका सकाळी त्याने बाटलीत उरलेली मोरीत ओतली आणि कामावर गेला. बस्स, एवढंच. त्याला आता अकरा महिने झाले होते. रोज पहाटे तो ओळीखाली बोट धरून, अडखळत, शास्त्राचं एक पान वाचायचा. शाळा चौथीत सुटलेली, एका पानाला अर्धा तास लागायचा. ती अंथरुणातून ऐकायची आणि मनाशी म्हणायची, जित्याची खोड आहे, किती दिवस टिकेल? संध्याकाळी तो दारात आला की हातातला डबा घ्यायच्या निमित्ताने ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. त्याला ते कळायचं. तो आधी मुद्दाम मोठा श्वास सोडायचा, मग चपला काढायचा.

गेल्या मंगळवारी तो दोन तास उशिरा आला. शर्टाला दारूचा भपका. अकरा महिने तिने आत कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं, तेही मुलीसमोर. त्याचं ते शास्त्राचं पुस्तक उचलून तिने दाराबाहेर भिरकावलं, नळाखालच्या ओल्या फरशीवर. त्याने पुस्तक आणलं, मांडीवर घेतलं आणि फडक्याने एकेक पान टिपत बसला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी दारात आली. त्याच्या कारखान्यातल्या फिटरची आई. तिचा मुलगा नशेत रस्त्यात पडला होता. वेल्डरने त्याला खांद्यावर टाकून घरी पोचवलं होतं. म्हातारी तिचे हात हातात घेऊन रडून गेली.

“मग सांगायचं नाही का काल?” तिने नवऱ्याला विचारलं.

“तू खरं मानलं असतंस?”

तिला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं ते भलतंच, आणि ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. ह्यांनी खरंच घेतली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं होतं. निदान आपलं म्हणणं खरं ठरलं असतं.

पाळकांनी वाचन संपवलं. “वाटेच्या मातीला आपण नावं ठेवतो,” ते म्हणाले, “पण ती मुळात शेताचीच माती. वर्षानुवर्षं लोक तिला तुडवत गेले, म्हणून ती दगडासारखी झाली. आता बी आत जात नाही. वरच राहतं आणि पाखरं टिपून नेतात.”

तिचं कोपर सवयीने उचललं गेलं होतं. ते तसंच अर्ध्यावर राहिलं. शेजारी नवरा मान खाली घालून, ओठ हलवत ऐकत होता. हे वचन काही त्याच्याकडे सरकेना. आपल्याला कोण कोण तुडवून गेलं हे तिला तोंडपाठ होतं. त्यात आपण किती घट्ट होऊन गेलो, हे मात्र तिला आत्ता कळत होतं. तिने कोपर खाली घेतलं. हात मांडीवर ठेवला.

साक्षीची, म्हणजे आपल्यात झालेला बदल सगळ्यांसमोर सांगायची, वेळ झाली. पाळकांनी वेल्डरला उभं केलं.

“माझं चारदा बोलून झालंय,” तो म्हणाला. मागच्या बाकांवर दोघं-तिघं हसले. “ह्या वेळी हिला विचारा. माझ्याबरोबर राहते ती.” आणि तो खाली बसला.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“सांगा ताई,” पाळक म्हणाले, “झाला का ह्यांचा नवा जन्म?”

समोरच्या बाकाला धरून ती उठली. ‘बघू, अजून वर्षभर जाऊ दे,’ हे वाक्य अकरा महिने तिच्या जिभेवर तयार होतं. नवऱ्याने वर पाहिलं नाही. तो वाट बघत होता, रोज दारात बघायचा तशीच.

“ह्यांचा झालाय,” ती म्हणाली. तिने धरलेलं बाक सोडलं.

“माझा राहिलाय.”